खाटकाचं मांस

आमच्या काओफिंग गावात सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या टोफूचे तुकडे निखाऱ्यावर भाजतात, मग उकळतात, आणि लसूण, आलं आणि टोफूचा चोथा वाटून केलेल्या लगद्याबरोबर खातात. टोफू म्हणजे खाटकाचं मांस आणि लगदा म्हणजे त्याचा मेंदू. खाटीक म्हणजे छिन राज्याचा सेनापती. त्याने आमच्या चाओ राज्याचे चार लाख शरण आलेले सैनिक याच टेकड्यांमध्ये पुरले. याला सव्वादोन हजार वर्षं झाली. नांगराला अजून हाडं लागतात, आणि त्याचं नाव इथे कोणी घेत नाही.

त्या लढाईत आमचा सेनापती तरुण होता. युद्धावरची सगळी पुस्तकं त्याला पाठ होती, आणि त्यानेच आम्हाला बुडवलं. तेव्हापासून जो पुस्तकातून बोलतो त्याला देशभर कागदावर लढणारा म्हणतात. दुसरीकडे ही साधी चेष्टा असते. इथे ते बोलणं लागतं. मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि गावात माझं नाव कागदी सेनापती असंच पडलं. ते बरोबर आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी बायको सुयिंग नदीपलीकडची, छिनच्या मुलखातली. खाटकाचं जन्मगाव तिच्या माहेरापासून वीस कोसांवर. लग्न होऊन एक्केचाळीस वर्षं झाली तरी बाजारात तिला 'छिनवाली' म्हणतात. आणि खाटकाचं मांस तिच्यासारखं या भागात कोणी करत नाही. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाची विधवा हाइथांगवहिनी हीसुद्धा कधीकधी शेजारच्या पोराला पाठवून सुयिंगचाच टोफू मागवते, आणि पोराला सांगते की कोणासाठी ते बोलू नकोस.

या शरद ऋतूत देवळासमोर नवा बाजार झाला. समितीने ठरवलं की या पदार्थाचा एकच गाळा असेल, आणि तो 'परंपरेचा वारस' म्हणून ज्याच्या नावाची पाटी लागेल त्याला मिळेल. बाकीच्या शेगड्या बंद. वहिनीने आपलं नाव दिलं. सुयिंगनेही दिलं.

"तुम्ही दोघींचे नातेवाईक, आणि गावात पुस्तकं वाचलेले तुम्ही एकटेच," समितीचे शेन सचिव मला म्हणाले. "सभेत दोन शब्द बोला, मास्तर. दोनच."

घरी सुयिंगने पीठ लागलेले हात पुसत सांगितलं, "एवढंच म्हणा की ही एक्केचाळीस वर्षं इथे राहते आणि हिचा टोफू चांगला असतो. मग खाली बसा."

"एवढ्याने भागेल?"

"तुम्ही खाली बसलात तर भागेल."

मला ते पुरेसं वाटलं नाही. तीन आठवडे वाचलं, सात पानं लिहिली. तिला दाखवली नाहीत.

सभा देवळाच्या अंगणात भरली, सकाळी. लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. सुयिंगची शेगडी एका कोपऱ्यात, वहिनीची समोरच्या. सचिवांनी दोघींचा टोफू चाखला आणि चेहरा कोरा ठेवला.

वहिनी उभी राहिली. "चव कोणाची चांगली ते मी बोलत नाही. ज्यांना पुरलं ते आमचे. हा टोफू आम्ही रागाने खातो. हिच्या पूर्वजांनी खड्डे खणले, आणि आता त्याची पाटी हिच्या दारावर लावायची? उद्या मांजराला उंदराचं श्राद्ध घालायला बसवा."

लोक हसले. सुयिंगने निखारे सारखे केले. कोणीतरी म्हणालं, "छिनवाली, तू आपल्या गाववाल्याचं मांस विकतेस, लाज नाही वाटत?"

"तू फुकट खातोस, तुला वाटते का?" सुयिंग म्हणाली.

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. कागद दोन्ही हातांनी धरले. माझा मुद्दा मला फार भक्कम वाटत होता. रक्ताचा हक्क सांगायचा तर पदार्थ त्या लढाईतला असला पाहिजे. मी वाचून दाखवलं की टोफूची पहिली कथा त्या लढाईनंतर शंभर वर्षांची, तीही ऐकीव, आणि लेखी पुरावा तर हजाराहून अधिक वर्षांनी सापडतो. लढाई झाली तेव्हा टोफू नव्हताच. म्हणजे ही रीत कोणीतरी फार उशिरा जोडली, म्हणजे ती कोणाच्याच रक्ताची नाही, म्हणजे सुयिंगचा हक्क वहिनीइतकाच.

तिसऱ्या पानावर बिया फोडायचा आवाज थांबला. मला वाटलं, पटतंय.

"भावजी," वहिनी हळू म्हणाली, "सासूबाई दरवर्षी पहिला तुकडा कापताना रडायच्या. त्या कशासाठी रडायच्या म्हणे?"

"त्यांची श्रद्धा होती. मी फक्त काळाबद्दल..."

"म्हणजे खोटंच रडायच्या."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"सात पानं आणलीत आणि म्हटलेलं नाही. कागदावर लढा तुम्ही. आमचे चार लाख असेच गेले."

या वेळी कोणी हसलं नाही. मागून एकाने मला खाली बसायला सांगितलं, आदराशिवाय. मी सुयिंगकडे पाहिलं. ती सुरी घेऊन शेगडीमागून बाहेर येत होती. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल.

"बसा," ती मला म्हणाली. मी बसलो.

मग ती माझ्याकडेच बघत बोलली. "लग्नाच्या दिवशी दुपारी तुम्ही आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसला होता. सासूबाईंनी माझ्या हातात ही सुरी दिली. समोर टोफू ठेवला. म्हणाल्या, 'हा तुझा गाववाला. काप. कापलास तर तू माझी सून, नाहीतर गाडी दारात उभी आहे.' मी एकोणीस वर्षांची होते. लहानपणी माहेरी त्याच्या देवळात आई मला नमस्कार करायला लावायची. मी कापला. तेव्हापासून रोज कापते. आणि आज तुम्ही सांगता की तो त्यात नव्हताच. मग मी काय कापलं?"

हे मला माहीत नव्हतं. एक्केचाळीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

हाइथांगवहिनी सुयिंगच्या सुरीकडे पाहत होती. पातं घासून घासून बोटाएवढं अरुंद झालं होतं.

"मला सासूबाईंनी नुसता टोफू करायला शिकवला," वहिनी अखेर म्हणाली. "माझ्याकडून असं काही कापून घेतलं नाही. मी इथलीच, मला गरज नव्हती." ती सचिवांकडे वळली. "हिचं नाव लिहा."

"विचार करून सांगताय ना?" सचिवांनी विचारलं.

"मला ही आवडत नाही. मी मेल्यावर हिने माझ्यासाठी रडू नये, ते मी मुलाला सांगून ठेवलंय. पण तिने त्याला कापलंय. लिहा."

"तुमच्यासाठी रडायला कोण बसलंय, जाऊबाई," सुयिंग म्हणाली आणि शेगडीकडे परतली.

सचिवांनी नाव लिहिलं. माझ्या सात पानांचं काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही. मी घडी घालून ती खिशात ठेवली. घरी जाऊन तारखा पुन्हा तपासणार होतो. नंतर तपासल्याही. त्या बरोबर आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

लोक सुयिंगच्या शेगडीसमोर रांगेत उभे राहिले. मीही राहिलो, शेवटी. माझी पाळी आली तेव्हा तिने ताटलीत चार तुकडे टाकले आणि पुढे केली. लगदा घातला नाही.

"मेंदू राहिला," मी म्हणालो.

"तुम्हाला कशाला हवा," ती म्हणाली. "पुढे सरका. मागे माणसं आहेत."

मागे कोणी नव्हतं. मी सरकलो.