चहाच्या आधीची गिटार

सुहासिनी साळवेचा नेम तसा साधा होता. पहाटे उठायचं, एक स्तोत्र वाचायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, आणि ते झाल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही. परदेशात येऊन टार्निटमध्ये घर झालं, वेरिबीच्या डेंटल क्लिनिकमध्ये नोकरी लागली, घराबाहेर पडायची वेळ अलीकडे सरकली, तरी नेम काही मोडला नाही. उलट गेल्या नाताळानंतर तिने त्यात गिटारची भर घातली, आणि तिचा चहा आणखी लांबला.

गिटारचं कारण होते पप्पा, म्हणजे तिचे सासरे. पद्माकर साळव्यांनी जालन्याच्या चर्चमध्ये आयुष्यभर गीतं चालवली होती. ते उभे राहत, पुस्तकाकडे न बघता पहिली ओळ सोडत आणि सगळी मंडळी ती उचलून धरी. एखाद्या ओळीने कुणाचे डोळे भरून आले की पप्पा ती ओळ पुन्हा घेत, आणखी एकदा घेत. पेटीवाला मुकाट्याने त्यांच्या मागून चाले. सासूबाई गेल्यावर तिच्या नवऱ्याने, यतिनने, वडिलांना इकडे आणलं. इथली मराठी मंडळी वेरिबीतल्या एका चर्चचा हॉल घेऊन रविवारी दुपारी उपासना करीत असे. माणसं प्रेमळ, पाळकसाहेब तरुण आणि हौशी, पण पेटी वाजवणारं कुणीच नाही. म्हणून गीतं लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर चालायची.

पहिल्या रविवारी पप्पांनी सवयीने ओळ सोडली. ट्रॅक पुढच्या कडव्यावर पोचला तेव्हा ते अजून ध्रुवपदातच होते. दोन-तीन आठवडे असंच झालं. मग ते नुसते पुस्तक उघडून उभे राहू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, गळा बसलाय. गळा बसून आता वर्ष होत आलं होतं. सुहासिनीला त्याहून एक गोष्ट जास्त लागली होती. दाढी करताना बाथरूममधून येणारं गुणगुणणंही थांबलं होतं, आणि ते यतिनच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

नाताळात पाळकसाहेब म्हणाले की मार्चअखेर पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण आहे, त्या दिवशी कुणी वाद्य वाजवणार असेल तर ट्रॅक बंद ठेवू. सुहासिनी घरी आली ती ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, गिटार घेऊनच. यतिनने गिटार बघितली, बायकोकडे बघितलं, आणि हे मिडलाइफ क्रायसिस आहे का असं हळूच विचारलं. ती म्हणाली, "पेटी शिकवणारं इथे कोण भेटणार? गिटारवाले गल्लोगल्ली आहेत. आणि पप्पांना आत्ता सांगू नकोस. तयार झालं की सरप्राईज देऊ."

सगळ्यात जवळचा गिटारवाला कोपऱ्यावरच्या घरातच निघाला. हृषिकेश मूळचा पुण्याचा, सदाशिव पेठेतला, आयटीवाला. दर गणपतीत त्याच्या गॅरेजमध्ये आरतीपेक्षा मोठ्याने रॉक वाजायचं. सुहासिनीने त्याला आधीच स्पष्ट सांगून टाकलं की मला बाकी काही नको, देवाची गीतंच शिकायची आहेत.

"नो वरीज, वहिनी," तो म्हणाला. "तुमच्या देवाला जी कॉर्ड चालते तीच आमच्या बाप्पालाही चालते. फी म्हणून तेवढ्या नाताळच्या शंकरपाळ्या द्या."

"नाताळ झाला रे."

"मग ॲडव्हान्स द्या, पुढच्याचा."

अशा रीतीने दर शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये शिकवणी सुरू झाली. पहिले काही आठवडे गिटारमधून जे निघायचं त्याला आवाज म्हणावं की कुरकुर, असा प्रश्न होता. डाव्या हाताची बोटं तारांनी कापल्यासारखी दुखायची. क्लिनिकमध्ये ग्लोव्ह चढवताना तिच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि खुर्चीतला पेशंट घाबरून तोंड मिटायचा. पण बोटांच्या टोकांना हळूहळू घट्टे पडले, आणि जी, सी, डी या तीन कॉर्ड्सना ती घरच्या माणसांसारखी ओळखू लागली. पप्पांच्या आवडीचं हंगामाचं गीत या तिघींत मावत होतं. ते त्यांच्या आत्याने रचलेलं, जात्यावरच्या चालीचं: "देणाऱ्या हाता, तुला मी काय देऊ." हृषिकेशने ताल चुकू नये म्हणून फोनवर मेट्रोनोमची टकटक लावून दिली. त्या टकटकीवर ध्रुवपद दोनदा, कडवं एकदा, पुन्हा ध्रुवपद दोनदा, असं तिने घोटून घोटून बसवलं. रोज पहाटे, दार लावून, चहाच्या आधी. पप्पांची खोली भिंतीपलीकडेच होती. तारांवर रुमाल ठेवला की आवाज जात नाही, असा तिचा समज होता.

सणाच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी दुपारची जेवणं झाल्यावर, तिने गिटार बाहेर आणली. पप्पांना खुर्चीत बसवलं आणि टकटक सुरू केली. पप्पांच्या चेहऱ्यावर काही आश्चर्य दिसलं नाही. तिने वाजवायला घेतलं. त्यांनी ओळ ओळखली, मान हलवली, तोंड उघडलं. सूर लागला तो गिटारपेक्षा भलताच. त्यांनी सूर चढवून बघितला, तर आवाज फाटला. उतरवला, तर गीत पायाशी जाऊन बसलं. तेवढ्यात टकटकीच्या हिशेबाने कडव्याची वेळ झाली आणि सुहासिनी तिच्या मागोमाग पुढे गेली. पप्पा थांबले.

"छान वाजवतेस, बाळ," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत आत गेले.

ट्रॅकवर गप्प राहिलेला माणूस आपण घरातही गप्प केला, असं तिला वाटलं. ती तशीच कोपऱ्यावर गेली. हृषिकेश गाडी धूत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्यांची पट्टी कुठली?"

"माहीत नाही."

"तीन महिने गीत बसवतोय आपण आणि गाणाऱ्याची पट्टी विचारली नाही?"

"सासऱ्यांना गाऊन दाखवा म्हणायचं तरी कसं? आणि गळा बसलाय म्हणतात ना ते."

हृषिकेशने पाण्याचा पाइप खाली ठेवला. मग त्याने गॅरेजमधून एक चिमटा आणून दिला, कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. त्याला कॅपो म्हणतात. गिटारच्या दांड्यावर हव्या त्या घरात तो लावला की बोटं तीच, कॉर्ड त्याच, फक्त पट्टी वर जाते. "पण कुठे लावायचा ते मी नाही सांगू शकत," तो म्हणाला. "ते त्यांनाच विचारा, वहिनी."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्तोत्र वाचून झालं, प्रार्थनाही झाली. पण दार लावण्याऐवजी ती गिटार आणि चिमटा घेऊन स्वयंपाकघरात गेली. पप्पा ओट्यापाशी उभे होते. दोन कप चहा गाळलेला होता, दोन्हींवर बशा झाकलेल्या.

"दुसरा कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा."

"मग गार का करताय?"

पप्पा जरा अवघडले. "तू बिनचहाची बसतेस," ते म्हणाले. "मग मी एकटा कसा घेऊ? तुझं वाजवणं थांबलं की घेतो."

तेव्हा कुठे सुहासिनीच्या लक्षात आलं. पहिल्या दिवसापासून, त्या सगळ्या कुरकुरीसकट, ते भिंतीपलीकडून ऐकत आले होते. ती रुमाल घालून वाजवत होती आणि ते बशी झाकून ऐकत होते.

"एवढं ऐकत होता, तर पट्टी जमत नाही असं सांगायचं होतं ना, पप्पा."

"तुझी प्रार्थनेची वेळ. त्यात मी कशाला दार वाजवू?"

ती हसली, आणि मग तेही हसले. तिने गिटार ओट्यावरच टेकवून धरली आणि पट्टी विचारली. तरुणपणी काळी एक, पप्पा म्हणाले. आता वयाबरोबर खालच्या काळी पाचवर उतरलोय. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही भाषा सुहासिनीला येत नव्हती आणि जी-सी-डीची भाषा पप्पांना. म्हणून त्यांनी नुसता सूर धरला आणि ती चिमटा एकेक घर सरकवत गेली. तिसऱ्या घरात दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की पप्पांनी डोळे मिटले.

"आणि ते तुझं टकटकीचं घड्याळ बंद कर," ते म्हणाले. "देवाला कसली घाई आहे."

आठवडाभर मग दार उघडंच राहिलं. पण पप्पा ओट्यापाशी अर्ध्या आवाजातच गायचे. लोकांसमोर गाईन की नाही, ते त्या वेळी बघू, असं म्हणायचे. तिनेही आग्रह धरला नाही. एवढंच, की नेमाच्या प्रार्थनेत स्वतःच्या बोटांऐवजी त्यांच्या गळ्यासाठी मागू लागली.

सणाच्या दिवशी हॉलचं टेबल वेरिबी साउथच्या फ्लॉवर-ब्रोकोलीने, कुणाच्या अंगणातल्या भोपळ्यांनी आणि कढीपत्त्याच्या जुड्यांनी भरून गेलं होतं. मागच्या रांगेत हृषिकेश चक्क इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. लॅपटॉप मिटलेला होता. पाळकसाहेबांनी खूण केली. सुहासिनीने तिसऱ्या घरातला चिमटा पुन्हा एकदा चाचपला आणि पहिली कॉर्ड छेडायला हात उचलला.

पप्पा टेबलाकडे बघत उभे होते. बघता बघता त्यांनी पुस्तक मिटून खाली ठेवलं आणि तिच्या कॉर्डची वाट न बघता ओळ सोडली. ती काळी पाच नव्हती. जालन्यात सोडत तशी, वर, मोकळी, सगळ्या हॉलभर. आवाज टोकाला थोडा चिरला, पण मागे आला नाही.

सुहासिनीचा हात हवेतच राहिला. आठवड्यापूर्वीची सुहासिनी असती तर घोटलेलं तसंच वाजवत सुटली असती. तिने हात खाली घेतला. मंडळींनी ओळ उचलली, तेवढ्यात तिने कान लावून चिमटा सरकवला. चौथं घर, नाही. पाचवं, जवळ. सहावं. पप्पांनी ध्रुवपद दुसऱ्यांदा घेतलं आणि या वेळी ती त्यांच्या मागून निघाली.

किती वेळा ध्रुवपद झालं ते कुणी मोजलं नाही. पप्पा एका ओळीवर थांबले की ती थांबे, ते वळले की वळे. पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, कारण हॉलची पुढची वेळ सामोआ बेटांवरून आलेल्या मंडळींची होती आणि ती दारात येऊन ठेपली होती. पण ती माणसं शब्द न कळताही टाळ्या धरून आत आली, आणि त्यांच्यातल्या एका थोराड बाईने वरचा सूर लावला, तेव्हा पाळकसाहेबही घड्याळ विसरले. हृषिकेश बोटांनी खुर्चीवर ठेका धरून होता.

गीत संपल्यावर पप्पा खाली बसले. कपाळ पुसत तिच्याकडे झुकून म्हणाले, "चुकलो बाळ. सूर काळी एकला लागला."

"कळलं मला," ती म्हणाली.

"गळा बसणार आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गळा खरोखरच बसला होता. बाथरूममधून दाढी करतानाचं गुणगुणणं ऐकू आलं ते घोगरं, बेसूर. सुहासिनीने स्तोत्राचं पुस्तक मिटलं, गिटार घेतली, चिमटा काढून ठेवला आणि त्या बेसुराच्या मागून जावं म्हणून तारा चाचपू लागली. ओट्यावर दोन कप बशीखाली वाट बघत होते.