चार गिअर मागे, एक पुढे

मित्रांनो, मी एक जुनी बग्गी आहे. लग्नात नवरदेवाला मिरवणारी घोड्यांची बग्गी नव्हे. मला घोडे नाहीत, छत नाही, दारे नाहीत आणि काचाही नाहीत. लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा, त्यात एक खुर्ची, चार जाड टायर आणि पाठीमागे इंजिन, एवढाच माझा संसार. जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथून माझे काम सुरू होते.

धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांनी मला घडवले. माझी एकेक नळी त्यांनी मापून कापली, वाकवली आणि जोडली. त्या मुलांत दिपमाला नावाची मुलगी होती. शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकरी घरातली, बोलायला कमी, पण जोड नीट बसला नाही तर तो पुन्हा पुन्हा घासून करणारी. माझ्या मागच्या चौकटीचे वेल्डिंग तिचे आहे. ते अजून कुठेही तडकलेले नाही, हे मी अभिमानाने सांगते.

तेव्हा माझ्यात एकाच सिलिंडरचे छोटे इंजिन होते आणि चाकांना ताकद रबरी पट्ट्यावरून मिळत असे. माझे पहिले दिवस मजेत गेले. कॉलेजच्या मैदानात मी धावले की मुले टाळ्या वाजवत, माझ्यासोबत फोटो काढत. पुढे दोंडाईच्याकडच्या एका माळावर माझी पहिली शर्यत झाली. दिपमाला मला चालवत होती. काळ्या मातीची धूळ एवढी उडत होती, की समोरची गाडी दिसत नव्हती. अर्ध्या वाटेत माझा आवाज घोगरा झाला, ताकद गेली आणि एका चढावर मी बंद पडले ती पडलेच.

मला दोरीने बांधून ओढत आणले गेले. वाटेत टीममधली मोठी मुले जे बोलली, ते मी विसरलेले नाही. पोरीच्या हातात दिली म्हणून गाडी मेली, असे त्यांचे म्हणणे होते. मला कोपऱ्यात उभे केले गेले. हळूहळू माझ्यावर मोडके बाक आले, त्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आल्या. टायरमधली हवा गेली. शेडमध्ये येणारी नवी मुले मला ओलांडून पलीकडे जात.

ती मोठी मुले पास होऊन गेली. दिपमाला शेवटच्या वर्षाला आली, तेव्हा तिने माझ्यावरच्या गोण्या बाजूला केल्या. सोबत तिचा वर्गमित्र हसीब होता. हसीबचे वडील नासीरचाचा धुळ्यातच गॅरेज चालवतात, तेही आले होते. तिघांनी मिळून माझे इंजिन उघडले. आत सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि तेलात मऊ, काळी माती होती. हवेची नळी आवळून धरणारी पट्टी सैल झाली होती. फिल्टरला वळसा घालून धूळ सरळ इंजिनात गेली होती. हसीब म्हणाला, "म्हणजे तुझी चूक नव्हती." दिपमाला म्हणाली, "पण चालवत मीच होते ना? आवाज बदलला तेव्हाच थांबायला हवं होतं." लोकांनी दिलेला दोष तिने मनातून काढला नव्हता.

ते इंजिन दुरुस्त होण्यासारखे राहिले नव्हते. त्यातच लीलाधर सर निरोप घेऊन आले. सर या मुलांचे मार्गदर्शक, पण मोठ्या साहेबांपुढे त्यांचेही फार चालत नसे. कॉलेजला शेड रिकामे हवे होते. शिरपूरजवळच्या शर्यतीत मी माझ्या पायांनी शेवटची रेघ ओलांडली, तर शेड आणि मी राहू. नाही तर माझे तुकडे करून भंगारात द्यायचे ठरले होते.

मित्रांनो, गॅसकटर कसा चालतो ते मी शेडमध्ये पाहिले आहे. त्या दिवसापासून मला शिरपूरशिवाय काही सुचेना.

दुसरे इंजिन दिपमालाच्या चुलत्यांनी दिले. या भाईदासनानांच्या खळ्यात लिंबाखाली त्यांची जुनी छोटी कार उभी होती. तिचा पत्रा गंजला होता, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, पण इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत होते. "लई जा बठ्ठं," सगळेच घेऊन जा म्हणून नानांनी अहिराणीत सांगितले, "पन कोंबड्यास्नी जागा सोडा." मुलांनी इंजिन काढले आणि सीट कोंबड्यांसाठी ठेवली.

या इंजिनाला तीन सिलिंडर होते. त्याला चिकटून चार पुढचे आणि एक मागचा गिअर असलेला गिअरबॉक्स होता. रबरी पट्टा गेला, त्याच्या जागी पोलादी दातांची चाके आली. कारमध्ये हे सगळे पुढे बसलेले असते, माझ्यात ते मागे बसवायचे होते. एक अडचण होती. कारमध्ये होते तसेच ठेवले, तर हवा ओढणारी बाजू मागे येई, नेमकी मागच्या चाकांच्या धुळीत. आणि धूर बाहेर टाकणारी तापलेली बाजू चालवणाऱ्याच्या पाठीशी येई.

दिपमालाच्या डोळ्यांपुढून ती काळी माती हलत नव्हती. तिने सुचवले, की इंजिन अर्धा फेरा फिरवून बसवू, म्हणजे हवेचे तोंड पुढे येईल आणि उष्णता मागे जाईल. सरांना पटले, हसीबला पटले. एरवी नासीरचाचा कुठलेही काम पक्के करण्याआधी चाक हाताने फिरवून बघतात. पण त्यांनाही ही युक्ती इतकी आवडली, की त्यांनी लगेच वेल्डिंगचा चष्मा चढवला. धुळीने पोळलेली माणसे फक्त धुळीचाच विचार करत होती.

पहिल्या चाचणीला नाना मुद्दाम गावाहून आले. नारळ फुटला. इंजिन एका झटक्यात सुरू झाले आणि तो गोल, दमदार आवाज ऐकून मला पुन्हा जन्मल्यासारखे वाटले. दिपमालाने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मी सरळ मागे जाऊन जुन्या टायरांच्या ढिगात घुसले.

"पोरी, हाई गाडी ते मांगे चाली राहिनी," नाना शांतपणे म्हणाले.

रिव्हर्स पडला असेल म्हणून हसीबने तिला चिडवले. तिने पुन्हा पाहून पहिला टाकला. मी पुन्हा मागे गेले. दुसरा टाकला, मी अधिक वेगाने मागे गेले. मग तिने रिव्हर्स टाकला. मी हळूहळू कण्हत पुढे सरकले.

असे का झाले? आरपार दिसणाऱ्या काचेच्या घड्याळाचे काटे पाठीमागून पाहा. ते उलटे फिरताना दिसतील. काटे बदलत नाहीत, आपली बाजू बदलते. इंजिन तर नेहमी एकाच दिशेने फिरते. त्याला गिअरबॉक्ससकट अर्धा फेरा फिरवले, की चाकेही उलटी फिरणार. काही गाड्यांत आतले मोठे दातेरी चाक दुसऱ्या बाजूला बसवून हे सुधारता येते. माझ्या गिअरबॉक्समध्ये तेवढी जागा नव्हती.

"चार गिअर मागे, एक पुढे," हसीब म्हणाला. "आपली प्रगती बरोबर मोजली हिने." त्यावर आधी नासीरचाचा हसले, मग सगळे. खुर्ची आणि स्टिअरिंगच उलटे बसवावे, असे लीलाधर सरांनी सुचवले. ते थट्टा करत होते की खरेच म्हणत होते, हे कोणाला कळले नाही. एकट्या रिव्हर्सवर शर्यत काढू, असेही कोणी म्हणाले. पण तो गिअर दोन पावले मागे सरकण्यासाठी बनवलेला असतो. डोंगर चढण्याचे ओझे त्याने पेलले नसते.

दिपमाला मात्र हसली नव्हती. ती माझ्या मागच्या चौकटीवर हात ठेवून उभी होती. शर्यत अगदी तोंडावर आली होती. ती म्हणाली, "इंजिन होतं तसं फिरवू. धूळ आपल्याला सोडणार नाही, तर हवा दुसरीकडून घेऊ."

तिला शेतातला ट्रॅक्टर आठवला होता. नांगरताना तो दिवसभर धुळीत असतो, तरी त्याचे इंजिन टिकते, कारण तो उंचावरून श्वास घेतो आणि ती हवा तेलाच्या वाटीवरून जाते. हवा वाटीशी एकदम वळते. मातीचे कण जड, त्यांना तेवढ्या चटकन वळता येत नाही. ते तेलात पडतात आणि तिथेच अडकतात. धुळ्याच्या भंगार बाजारातून तसा फिल्टर आणला गेला. नवे जोड कापले. इंजिन फिरले, तशी चाकांकडे जाणाऱ्या लांब आणि आखूड दांड्यांनीही बाजू बदलली. माझ्या डोक्यावरून हवेची नळी गेली आणि खुर्चीमागे उष्णता अडवायला पत्रा बसला. या वेळी मात्र वेल्डिंगआधी नासीरचाचांनी पहिला गिअर टाकून इंजिन हाताने फिरवले. चाक पुढे फिरले. त्यांनी ते प्रत्येकाला बोलावून दाखवले, नानांना तर फोनवरून दाखवले.

शिरपूरची वाट सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरड्या नाल्यातून आणि मुरमाच्या टेकडीवरून होती. सुरुवातीलाच पुढच्या गाड्यांनी धुळीची भिंत उभी केली. मला जुना चढ आठवला. माझा आवाज तोच आहे ना, हे मी आणि दिपमाला दोघीही ऐकत होतो. अर्ध्यावर माझ्या पत्र्याचा एक बोल्ट सुटला आणि गरम वारा तिच्या पाठीवर येऊ लागला. ती पुढे वाकली आणि स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकवून चालवत राहिली. टेकडीवर एक गाडी आडवी पडली होती, दुसरी धूर सोडत होती. दिपमालाने घाई केली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, एका लयीत, ती मला वर घेऊन गेली. आम्ही शेवटची रेघ ओलांडली, तेव्हा बक्षिसे कधीच ठरून गेली होती. पण मी माझ्याच चाकांवर आले होते.

मुले नाचू लागली. सर कॉलेजला फोन लावत दूर गेले. दिपमालाने पाठीवर गार पाणी ओतून घेतले आणि आधी फिल्टर उघडला. वाटीत मातीचा चिखल झाला होता. नासीरचाचांनी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवले आणि ते तिच्यापुढे धरले. बोट स्वच्छ होते.

"बघ बेटा," ते म्हणाले, "आज तीच पोर होती, धूळही तीच होती. त्या दिवशी गाडी तू नव्हती मारली."

तेव्हा दिपमाला रडली. मग त्याच ओल्या चेहऱ्याने तिने वाटी धुवायला घेतली.

मी अजून त्याच शेडमध्ये आहे, मित्रांनो. आता नवी मुले माझ्याजवळ येतात, बोल्ट आवळतात, तेल बदलतात. माझे तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. तुमच्या घरची सायकल असो, पंखा असो की शेतातला पंप, त्याचा आवाज ओळखीचा करून घ्या. तो बदलला तर थांबा. आणि एखादे यंत्र बंद पडलेच, तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी झाकण उघडून आत बघा. यंत्राला दुसरे इंजिन मिळते. माणसाच्या मनातला दोष काढायला मात्र फार दिवस लागतात.