धडधाकट काळीज

लाँच धरणाच्या मध्याच्या थोडी पुढे गेली आणि देवूच्या छातीत काहीतरी उसळलं. आधी त्याला वाटलं, इंजिनच गचके खातंय. मग कळलं, ते आपल्याच आत चाललंय. हातांना मुंग्या आल्या, आणि जन्मभर डोळ्यांसमोर असलेलं ते पाणी चारी बाजूंनी अंगावर आल्यासारखं झालं. आपण आता मरणार, एवढंच त्याला कळत होतं.

त्याने लाँच माघारी वळवली.

पुढच्या फळीवर रोहिणी बसली होती. पलीकडच्या वाडीतल्या गोजराबाईची लेक, नांदे गावात दिलेली. आई गेल्याचा निरोप आला तशी ती अंगावरच्या साडीनिशी निघाली होती. पलीकडच्या काठावर जमलेली माणसं तिला दिसत होती. तिच्यासाठीच मयत थांबवून धरलं होतं.

"देवूदादा, मागं कुठं नेताय?"

देवूने हँडल तसंच धरून ठेवलं.

"अहो, पलीकडचा काठ जवळ आहे. माझ्या आईला ठेवलंय तिथं."

ते देवूलाही दिसत होतं. पण हात ऐकत नव्हते. त्याला फक्त अलीकडचा काठ हवा होता, जिथं त्याचं घर होतं, बायको पारू होती. रोहिणीने त्याला शिव्या घातल्या, हात जोडले, आणि शेवटी त्याचा पांढराफटक चेहरा बघून ती गप्प झाली.

काठाला लागताच देवू चिखलात बसला. सगळे त्याच्याकडे धावले. रोहिणीला कुणीतरी जीप बघून दिली. पण धरणाला वळसा घालून ती पोचेपर्यंत दिवस मावळला. वाडीत त्या दिवशी फोनला रेंज नव्हती. ती वाटेत आहे की माघारी गेली, हे तिथं कुणाला कळणार? तिला आईचं तोंड दिसलं नाही. पेटलेलं सरण दिसलं.

पौडच्या दवाखान्यात देवूच्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पट्टी दोनदा बघितली आणि म्हणाल्या, "काका, काळीज धडधाकट आहे तुमचं. हा घबराटीचा झटका होता. चिंतेचा आजार."

"म्हंजी याड?"

"वेड नाही हो. फार जणांना असतो हा. या बाकावर पैलवान बसून जातात, कंपनीतले साहेब येतात, लेकुरवाळ्या बाया येतात. कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच झालंय."

त्यांनी गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यात बोलायला या म्हणाल्या. देवूच्या कानात मात्र एकच गोष्ट घुमत राहिली. काळजाला काही झालेलं नाही. म्हणजे आपण नुसते भ्यालो, आणि आपल्या भिण्यापायी एका लेकीला आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. त्यापेक्षा हार्ट असतं तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं.

घरी आल्यावर दारात जमलेल्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हार्ट हाय." दवाखान्यात बरोबर असलेल्या पारूने त्याच्याकडे बघितलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

मग लोक येऊ लागले. कुणी नारळपाणी आणलं, कुणी अंगारा. "जीव वाचला, लई झालं," म्हणाले. देवू गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेई. कुणी पाठीवर हात ठेवला की चोरीचा माल अंगाखाली लपवल्यासारखं त्याला होई. लाँच पारू चालवायला लागली. ती मासे धरायला त्याच्याबरोबर जायची तेव्हाच हँडल धरायला शिकली होती. पहिल्या दिवशी काठावरचे गडी हसले, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बसले.

"किती दिस हार्ट सांगनार?" एकदा तिने भाकरी वाढता वाढता विचारलं.

"तू गप ऱ्हा."

"मी गपच हाय. पर रोहिणी येनार हाय, तुमाला बघाया. दहावा उरकून."

रोहिणी आली ती सफरचंदांची पिशवी घेऊन. देवू उठून भिंतीला टेकून बसला. ती पदर सावरत म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. तुमच्या जिवावर बेतलेलं, आणि मी शिव्या देत होते. तेवढी माफी मागायला आले."

चार माणसांत तिने थोबाडीत मारली असती तरी देवूला सोसलं असतं. हे सोसवेना. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हार्ट न्हाई मला."

"काय?"

"हार्ट चांगलं हाय. मी भ्यालो. कशाला भ्यालो ते मला बी ठावं न्हाई. लोकास्नी खोटं सांगितलं."

रोहिणीने सफरचंदांची पिशवी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे नेता आलं असतं तुम्हाला."

"व्हय. काठ जवळ व्हता."

ती उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. पाठमोरीच तिने विचारलं, "धडधडतं का? हाताला मुंग्या येतात?"

"व्हय. वाटतं, मेलोच."

"आई असंच म्हणायची. वाडीची वेस ओलांडली की जीव जातो म्हणायची. माझं बाळंतपण झालं, घरभरणी झाली, नाही आली. मी म्हणायचे, नाटकं करतेस." तिने चौकट धरली. "दिवाळीत मी फोनवर म्हणाले, तुला लेकच नकोय. तिने नुसता ठेवून दिला फोन."

देवूला गोजराबाई आठवली. लुगडं, गाठोडं, नातवासाठी डब्यात काहीबाही. फळीवर एक पाय ठेवायची आणि काढून घ्यायची. "उंद्या जाती रं," म्हणायची. काठावर सगळे हसायचे. त्यात तोही असायचा.

"आलती ती," तो म्हणाला. "लई बारी आलती लाँचपातूर. तुज्याकडंच निघायची."

रोहिणी खाली उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. पारूने तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. जाताना रोहिणीने देवूकडे बघितलं नाही, पण पिशवीही परत नेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवू काठावर गेला. लाँचची वाट बघत चारपाच माणसं कट्ट्यावर बसली होती.

"काय देवू, हार्ट कसं हाय?" एकाने विचारलं.

"हार्टला काय झाल्यालं न्हाई. भ्याचा आजार हाय. गोळ्या चालू हायेत."

एकजण उगाच फोनमध्ये बघू लागला, दुसऱ्याने ओठ दाबून हसू आवरलं. देवूचे कान तापले. पण तो उठला नाही. पलीकडून पारूची लाँच येताना दिसली तशी माणसं उठून पाण्याकडे गेली. मागे राहिले ते बंडोपंत गुरुजी. सगळ्या गावाने ज्यांची छडी खाल्ली ते. ते बसल्या जागेवरून थोडे सरकून देवूजवळ आले आणि पाण्याकडे बघतच, ओठ न हलवल्यासारखं बोलले.

"देवू, पौडच्या त्या डॉक्टरीणबाईंकडं कुठल्या वारी जायचं असतं रे?"