सलीमचाचांची डावी बाजू

माझा धाकटा भाऊ निलेश कॉम्प्युटरवर संगीत करतो. साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या माडीवर त्याचा स्टुडिओ आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाते, चहा करते आणि त्याला टोमणे मारते.

त्या दिवशी कुर्ल्याचे कव्वाल सलीमचाचा गायला आले होते. एकटेच. निलेशने ड्रम, बास, कॉम्प्युटरमधल्या टाळ्या, सगळं आधीच रचून ठेवलं होतं. चाचांचा आवाज असा लागला की माझा चहा उतू गेला. पण प्रत्येक ओळ संपली की ते डावीकडे वळून बघत आणि पुढची ओळ उशिरा उचलत.

"चाचा, माइक समोर आहे ना! तिकडे काय बघताय?" निलेश वैतागला.

"सवय आहे रे." चाचा ओशाळले.

मला निलेशचा रागच आला. "डावीकडे कोण बसतं, चाचा?" मी विचारलं.

याकूब, त्यांचा भाऊ. चाचांनी ओळ टाकायची, याकूबने टाळीसकट ती उचलायची, असं जन्मभर चाललेलं. गेल्या वर्षी याकूबचाचांचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

"म्हणतो, टाळी गेली, आता मी कसला कव्वाल?" चाचांनी पुन्हा डावीकडे पाहिलं. "हे गाणं त्याच्याशिवाय झालं ना, तर तो कायमचा घरी बसेल."

निलेश चाचांकडून पत्ता घेऊन खाली गेला, रिक्षाने निघाला आणि तासाभरात याकूबचाचांना आधार देत जिना चढवून घेऊन आला.

"काय सांगून आणलंस रे?" मी कुजबुजले.

"खरं तेच. तुमच्याशिवाय चाचा चुकतायत."

याकूबचाचा डावीकडे बसले. सलीमचाचांनी ओळ टाकली, याकूबचाचांनी उचलली, पण त्यांचा डावा हात हवेतच थांबला. त्यांनी मान खाली घातली.

गाता गाताच सलीमचाचा सरकले आणि आपला उजवा तळवा भावापुढे धरला.

याकूबचाचांनी त्यावर आपला डावा हात उगारला. मग अशी काही टाळी दिली, की निलेशने कॉम्प्युटरमधल्या टाळ्या बंदच केल्या. मी रडत होते, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

नंतर स्पीकरवर गाणं लागलं. खाली बास घुमत होता आणि त्यावर त्या टाळ्या.

"टाळी कुणाची म्हणायची ही?" याकूबचाचांनी हळूच विचारलं.

"तुझीच. मी नुसता हात पुढे केला," सलीमचाचा म्हणाले. "आणि गुरुवारी दर्ग्यावर गायला बसायचंय. वेळेवर तयार राहा."