बारवेच्या पायऱ्या

माझी बायको केवळा गेली ते मला उमरीच्या कापूस बाजारात कळलं. शेजारचा धोंडप्पा शोधत आला. "शेषेराव, कापूस ऱ्हाऊ दे. घरी चल," एवढंच म्हणाला. तिच्या पायातून निघालेला नारू, दोऱ्यासारखा लांब किडा, काडीला गुंडाळून ओढताना तुटला होता. पाय सुजला होता, तरी मी गेलो होतो. माझ्या मागं तिला धनुर्वात झाला.

तेराव्यानंतर मी कंधारच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं, हा किडा येतो कुठून? ते म्हणाले, पाण्यातून. नारूचा पाय पाण्यात बुडाला की किडा पिलं सोडतो. ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू निघतो.

पायाची आग होते म्हणून केवळाला मीच रोज बारवेत पाय सोडून बसवत होतो. सगळं गावच तसं करायचं, आणि तिथंच घागरी भरायचं.

मी पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचं काढलं. बाया आडव्या आल्या. शेवटच्या पायरीवर आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड होते. बाळंतीण उठली की खाली उतरून त्यांना हळदकुंकू वाहायची.

"बायको गेली अन् याचं डोस्कंबी गेलं," साखराबाई सुईण म्हणाली. "आसरांना गाडतोस व्हय रं?"

"मामी, त्यांना वर आणू. तुम्हीच आणा."

"अन् कोपल्या तर?"

"माझ्यावर कोपू द्या. माझं आता काय न्यायचं ऱ्हायलंय?"

केवळाचा नारू साखराबाईनंच गुंडाळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओलेत्यानं एकेक दगड पदरात घेऊन वर आली. सात खेपा केल्या. मग आम्ही पायऱ्या बुजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात नऊ जणांना नारू निघाला. पारावर लोक हसले. "शेषेराव, पायऱ्या गेल्या, नारू हायेच की!"

"ते गेल्या सालचं पाणी हाय. थांबा जरा," मी म्हणालो. मनात मात्र धाकधूक होती. साखराबाई त्या नऊ जणांच्या दारी जाऊन पायावर तांब्यानं पाणी घालायची. बारवेकडं कुणाला फिरकू द्यायची नाही.

त्याच्या पुढच्या साली एकालाच निघाला. यंदा एकालाही नाही.

महारवाड्याचा झरा अजून पायऱ्यांचाच आहे. तिथं यंदाही चौघांना नारू आहे. आमच्या रहाटावर त्यांना येऊ देत नाहीत. ती आडकाठी मोडायचं काम अजून झालेलं नाही.