कराडचा उमेदवार

चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका छोट्या पंप कंपनीत चाचणी विभागासाठी इंजिनिअर घ्यायचा होता आणि निवड निधीच्या हातात होती. शेवटी दोघंच उरले: कराडचा यश आणि अंबत्तूरची वाणी. निधीही कराडचीच. चेन्नईत इतकी वर्षं काढूनही तिचं तमिळ भाजीवाल्यापुढे जात नव्हतं. यश मुलाखतीत मराठी बोलायला लागला आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. गप्पा रंगल्या. वाणी मात्र प्रत्येक प्रश्नावर आधी गप्प बसायची, मग मोजकंच इंग्रजीत बोलायची. हिच्यात आत्मविश्वास नाही, असं निधीनं मनाशी ठरवून टाकलं.

मुलाखतीला शेजारी सहकारी हरिणी होती. तंजावरच्या मराठी घरातली. तिची मराठी जुन्या वळणाची, तमिळ सुरातली.

"यशला घेऊ," निधी म्हणाली. "हुशार आहे."

"त्याला विचारलीस, काय काय केलास म्हणून. तिला विचारलीस, काय काय येईना म्हणून. अय्यो, मग अस्के, सगळं त्याचंच चांगलं दिसेल की गे!"

निधीला ते झोंबलं. मुलाखती तर सरळ घेतल्या होत्या! पण वेस्ट मांबलमच्या घरी पोचेपर्यंत तिला स्वतःचाच राग यायला लागला. खरंच, यश अडखळला तेव्हा तिनं त्याला उत्तराचा धागा दिला होता. वाणी अडखळली तेव्हा घड्याळाकडे पाहिलं होतं.

सकाळी तिनं साहेबांना वाणीचं नाव कळवलं आणि हरिणीला सांगितलं, "घे, झालं तुझ्या मनासारखं."

"माझं मन कुठून आलं मध्ये? वाणीच का?"

"कारण मी यशकडे झुकले होते."

"ही तुझी गोष्ट झाली. वाणीची कुठं आहे? काल गावासाठी निवडलीस, आज 'मी पक्षपाती नाही' हे दाखवायला निवडलीस. पंपाचा विचार कधी केलीस?"

निधीनं फाइल टेबलावर आपटली. झुकलं तरी चूक, सावरलं तरी चूक! आपलं डोकं कसं चालतं ते कळूनही ते ऐकत नसेल, तर त्या कळण्याचा उपयोग काय? पण हरिणीचं बोलणं खोटं नव्हतं. तिनं साहेबांना फोन करून निवड थांबवली, त्यांची बोलणीही खाल्ली.

दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी गळका पंप समोर ठेवला, प्रश्न आधीच ठरवले, दोघांना तेच. विचारणार हरिणी, निधी खोलीबाहेर. हरिणीच्या शेजारी दुसऱ्या विभागाचे चंद्रमौळी बसले. दोघा परीक्षकांनी एकमेकांना न विचारता आपापलं मत दिलं.

दोघांनीही यशचं नाव घेतलं.

"म्हणजे माझं पहिलंच बरोबर होतं!" निधी जवळजवळ ओरडली. "एवढा खटाटोप कशाला केला मग?"

"उत्तर बरोबर निघालं. तू ज्या रीतीनं काढलीस ते बरोबर नव्हतं," हरिणी म्हणाली. "पुढच्या वेळी कराडचा गाढव आला म्हणजे?"

निधीला हसू आलं नाही. आता ऑफिसात कुजबुज होणारच, की बाईनं आपलाच माणूस आणला. आणि आपण तसं केलं नाही, हे छातीठोकपणे ती स्वतःलाही सांगू शकत नव्हती.

वाणीला तिनं स्वतः फोन केला.

"माझं काय कमी पडलं, मॅडम?"

"पंप उघडण्याआधी दाब उतरवायला हवा होता. यशनं तो उतरवला."

पलीकडे तीच शांतता. या वेळी निधी थांबून राहिली.

"ते बरोबर आहे," वाणी म्हणाली. "चुकलंच माझं. पण पहिल्या मुलाखतीत तुम्ही मला पंपाबद्दल काही विचारलंच नव्हतं."

"नव्हतं," निधी म्हणाली. "ती चूक माझी."