चिठ्ठीशिवाय आलेली बाटली

मी एक बाटली. पांढऱ्या प्लॅस्टिकची, हिरव्या झाकणाची. पोटात फॉलिक अ‍ॅसिडच्या एकशेवीस गोळ्या घेऊन मी या जगात आले. माझ्या अंगावर हसऱ्या बाळाचं चित्र आहे, त्याखाली ठळक चारशेचा आकडा आहे, आणि आकड्यापुढं तीन बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. माणसं चित्र बघतात, आकडा बघतात. ती तीन अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि थोडी सवडही लागते.

माझा कारखाना कुठला, ते मला धड सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा मी खोक्यात होते, आणि खोकं फुटलं ते २००७ सालच्या श्रावणात, नाशिक रोडच्या एका कचेरीत. जीवन नावाच्या कारकुनानं मला सायबर कॅफेत बसून मागवलं होतं. कार्ड मित्राचं होतं. पत्ता मुद्दाम घरचा न देता कचेरीचा दिला होता. त्यानं खोकं टेबलाखाली फोडलं आणि मला जेवणाच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली दडवलं. लपवण्यासारखं माझ्यात एवढं काय आहे, हे मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

कॉलनीतलं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. जीवन, त्याची बायको शुभांगी आणि आई लताबाई. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यामागं मला जागा मिळाली. तिथून सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. पहिल्याच आठवड्यात मला या घराचं दुःख समजलं.

दीड वर्षापूर्वी या घरात मुलगी जन्मली होती. पाठीचा कणा खालच्या बाजूला उघडाच राहिलेला. पाचवी पुजायची होती, त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, की पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधी निदान तीन महिने फॉलिक अ‍ॅसिडची मोठी गोळी रोज घ्यायची, पाच मिलीग्रॅमची. एकदा असं बाळ झालेल्या आईला साधी गोळी पुरत नाही. तशी चिठ्ठीही लिहून दिली. चिठ्ठीत सगळ्यात वर मागच्या बाळाचं दुखणं लिहिलेलं होतं.

ती चिठ्ठी घेऊन शुभांगी कोपऱ्यावरच्या जयरामच्या मेडिकलमध्ये एकदा गेली होती. एकदाच.

"त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली," ती जीवनला सांगत होती. "आणि मोठ्यानं म्हणाला, 'वहिनी, परत नंबर लावला का? या वेळी देव नीट करील बघा.' मागं तिघी उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं संध्याकाळी जिन्यात मला विचारलं, कितवा महिना गं?"

ती गोळ्या न घेताच परत आली होती.

"मग पंचवटीत जाऊन घे की," लताबाई म्हणाल्या. "तिथं कोण ओळखतंय तुला?"

"आई, चिठ्ठी तर तीच ना! ती दर वेळी कुणापुढं तरी उघडायचीच."

म्हणून माझी वर्णी लागली.

"हिला चिठ्ठी लागत नाही," जीवन मला हातात धरून म्हणाला. "तिथं कुणी काही विचारत नाही. आणि हे बघ, डॉक्टरांची पाचची आहे. ही चारशेची."

"चारशे? जास्त तर नाही ना व्हायचं?"

"होऊ दे की. या वेळी कसर नको."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझा आकडा मायक्रोग्रॅमचा होता. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलीग्रॅम होतो. डॉक्टरबाईंच्या एका गोळीची बरोबरी करायला माझ्या साडेबारा गोळ्या लागल्या असत्या. मी सगळं अंगावर लिहून बसले होते, तरी मला सांगता येत नव्हतं. जिथं कुणी विचारत नाही, तिथं कुणी थांबवतही नाही, हे त्या बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शुभांगी रोज चहानंतर माझं झाकण उघडायची. गोळी तळहातावर घेऊन क्षणभर डोळे मिटायची आणि मग पाणी प्यायची. एक दिवस चुकली नाही. गणपतीच्या धांदलीत नाही, की दिवाळीला माहेरी गेली तेव्हाही नाही. मला रुमालात गुंडाळून घेऊन गेली होती. इतक्या श्रद्धेनं माझ्यावर कुणी विसंबलं नसेल. त्या श्रद्धेचंच मला ओझं व्हायचं.

दिवाळी झाली. तीन महिने भरले, असं दोघांनी कॅलेंडरवर मोजलं आणि आता हरकत नाही असं ठरवलं.

डिसेंबरात एक दिवस दुपारी समोरच्या कलाबाई विरजण मागायला आल्या. कॉलनीत कुणाकडं कुठला पाहुणा आला, काय घेऊन आला, हे कलाबाईंना तोंडपाठ असतं. त्यांच्याच धाकानं तर मी कचेरीच्या पत्त्यावर आले होते. शुभांगी वाटी शोधत होती, तेवढ्यात त्यांचा हात मसाल्याच्या डब्यामागं गेला.

"ही कसली गं? बाळ दिसतंय वरती."

शुभांगीचा चेहरा उतरला. "टॉनिक आहे, काकू. ठेवा ना ती."

"मला शिकवते होय? फॉलिक लिहिलंय." त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला लांब धरलं. "चारशे... एमसीजी. हे तर माझ्या थायरॉइडच्या गोळीसारखं हाय."

"म्हणजे?"

"माझी गोळी शंभरची. नणंदेची साखरेची पाचशेची. मी जयरामशी भांडले, म्हटलं मलाच का कमी देतोस? तर तो म्हणाला, काकू, तुमची एमसीजी हाय. हजार एमसीजी मिळून एक एमजी. लय हसला मेला. तेव्हापासून मी प्रत्येक डबीवर बघते. तुला डॉक्टरांनी कितीची लिहून दिलीय?"

"पाच."

"पाच काय? एमजी का एमसीजी?"

शुभांगीला सांगता येईना. ती आतल्या खोलीत गेली, कपाटातून चिठ्ठी घेऊन आली आणि पुढं केली. कलाबाई सगळ्यांसारखंच वरपासून वाचू लागल्या. वरच्या ओळीवर त्यांची नजर थांबली. मला वाटलं, आता ही बाई सगळं खोदून काढणार. पण त्यांनी त्या ओळीबद्दल एक शब्दही विचारला नाही. चष्म्याच्या काचा पदराला पुसल्या आणि खाली वाचलं.

"पाच एमजी. म्हणजे पाच हजार झाले, पोरी. आणि ही चारशे. तारीख कधी हाय तुझी?"

"परवा," शुभांगी कसंबसं म्हणाली.

"चप्पल घाल. आधी डॉक्टरबाईंकडं. गोळ्या जयरामकडून मी आणते. त्याचं तुला बोललेलं आलंय माझ्या कानावर. मलाच विचारू दे त्याला, परत नंबर लावला का म्हणून!"

रडता रडता शुभांगीला हसू फुटलं.

डॉक्टरबाईंनी मोठी गोळी त्याच दिवशी सुरू केली. दिवस राहिले असतील तर पुढं नीट बघू म्हणाल्या. नसतील तर पुरे तीन महिने थांबायचं. बाळाचा कणा पहिल्याच महिन्यात, आईला कळायच्या आतच जुळून येतो, असंही त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी जीवन मला हातात घेऊन किती तरी वेळ बसला. "मी आकडाच बघितला," एवढंच म्हणाला. शुभांगीनं मला त्याच्या हातातून काढून फळीवर ठेवलं.

पुढचे तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शुभांगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. "आई, मी आत येत नाही," ती म्हणाली. या घरात चार दिवस बाहेर बसायची रीत आहे. दर महिन्याला हे वाक्य आलं, की गेलेल्या मुलीच्या आठवणीनं दोघी सासवासुना एकमेकींकडं न बघता डोळे पुसायच्या. लताबाईंनी सवयीनं पदर डोळ्यांना लावला आणि वळून पाहिलं, तर शुभांगी रडत होती, पण तिचा चेहरा मोकळा होता.

"बरं झालं, आई," ती म्हणाली. "फार बरं झालं."

लताबाईंनी डोळ्यांवरचा पदर सोडला. मग त्यांनी नव्या पाकिटातली छोटी पिवळी गोळी काढली, पेल्यात पाणी घेतलं आणि उंबऱ्याशी जाऊन ती गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. शिवाशिव झाली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं, कोण जाणे. मग त्यांनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

याला दीड वर्ष झालं. माझ्या पोटात दहा-बारा गोळ्या उरल्या आहेत आणि माझी मुदतही संपली आहे. आज सकाळी शुभांगीनं मला दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवलं. मला तिचा राग नाही. मी वाईट नव्हते, साध्या वेळेला मी पुरते, असं डॉक्टरबाईसुद्धा म्हणाल्या होत्या. पण मी तिच्यासाठी नव्हते, आणि मला मागवताना हे सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही माझ्यासारखीला घरबसल्या बोलवाल तेव्हा आधी चिठ्ठी शेजारी ठेवा, आकड्यापुढची अक्षरं जुळवून बघा, आणि कळलं नाही तर लाज न धरता कुणाला तरी विचारा. आणि दुकानात तुमच्यापुढं कुणी चिठ्ठी उघडली, तर तिची गोळी तेवढी वाचा हो. बाकीचं तिचं तिला राहू द्या.

खाली घंटागाडीची घंटा वाजतेय. आता निघायला हवं. डब्याच्या कडेवरून घरातलं थोडं दिसतंय. लताबाई पाय पसरून बसल्यात, मांडीवर चार महिन्यांची नात पालथी. कोमट तेलाचा हात मानेपासून कण्यावरून खाली येतो. अगदी खाली आला, की तिथं क्षणभर थांबतो, चाचपून बघतो आणि पुन्हा वर जातो.